आयर्विनला किती?

आमच्या घरात पेपर एकच यायचा आणि तो वाचणारी माणसं दहा-बारा. त्यामुळं पेपर हा एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचायचा असतो, हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं. सांगलीच्या गावभागातलं घर. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परडं. कोल्हापूरहून पहाटेच्या गाडीनं 'पुढारी' यायचा. तो आधी आजोबांच्या हातात. मथळे ते मोठ्यानं वाचत, आत चुलीपाशी असलेल्या बायकांनाही ऐकू जातील असे, आणि प्रत्येक मथळ्यानंतर एक 'हं' सोडत. त्या 'हं'वरून बातमी त्यांना पटली, नाही पटली, की 'हे मी कालच म्हणालो होतो' या जातीची आहे, ते अख्ख्या घराला समजायचं.

मग पानं सुटी व्हायची. राजकारण मोठ्या काकांकडं. ते जिल्हा परिषदेत कारकून होते आणि मुंबईतल्या मंत्रिमंडळाची फाइल आपल्याच टेबलावरून जाते अशा थाटात बोलत. खेळाचं पान धाकट्या काकांकडं. निधनवार्ता आईकडं, कोण गेलं, कुणाच्या नात्यातलं, बाराव्याला आपल्याकडून कुणी जायचं, हे तिचं खातं. बाजारभाव आणि नदीचं पाणी काकूकडं. आमच्या वाट्याला सिनेमाच्या जाहिराती. आपल्या पानावर बोलायचा हक्क प्रत्येकाला होता, आणि दुसऱ्याच्या पानावर बोलायचा त्याहून जास्त.

पेपरच्या जोडीला रेडिओ. त्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे आणि ते भरून आलेले वडील दोन दिवस त्याच्यावर मालकी गाजवत. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झालं, तेव्हापासून गावाला स्वतःचा आवाज मिळाल्यासारखं वाटायचं. पण बातम्या म्हटलं की सकाळी सात पाचच्या, पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक. पुढं सुधा नरवणे यांचा आवाज घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला. त्या बातम्या देत असताना घरात कुणी भांडं आपटायचं नाही, असा आजोबांचा हुकूम होता. आपटलंच तर ते काकूनं. तेही मुद्दाम, कारण पाण्याची बातमी शेवटी येते आणि तोवर या पुरुषांचं बोलणं सुरू झालेलं असतं, अशी तिची तक्रार होती. ती खरी होती.

राजकारणात घर फुटलेलं होतं, पण एकाच पंगतीला जेवत होतं. आजोबा काँग्रेसचे पुढारी वसंतदादा पाटील यांचे. साधे पाठीराखे नव्हेत, भक्त. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना भाकरी पोचवायला ते गेलेले होते, आणि 24 जुलै 1943 ला दादांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून खंदकात उड्या टाकल्या, ती हकिगत ते दर वर्षी त्याच तारखेला सांगत. दोन साथीदार गोळीबारात गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली, इथवर आलं की त्यांचा आवाज उतरायचा आणि आम्ही पोरं त्या खंदकाची खोली मनातल्या मनात मोजायचो. थोरली आत्या मात्र वाळवा तालुक्यात दिलेली. तिकडं सगळे राजारामबापूंचे. दादा आणि बापू हे सांगली जिल्ह्याचं जुनं भांडण. ते साखर कारखान्यातून, सोसायट्यांतून, लग्नाच्या पत्रिकांतून वाहत घराघरात आलेलं. आत्या माहेरपणाला आली की सोप्यातून आजोबा आणि माजघरातून आत्या, मधल्या उंबऱ्यावरून वाद चालायचा. "बापूंनी पाण्यासाठी पायपीट केली, दादांनी काय केलं?" असं तिनं म्हटलं की आजोबा आजीला विचारत, "हिला जेवायला वाढलंस काय?" जेवलेल्या माणसाशीच भांडायचं, हा त्यांचा नियम.

आणीबाणीनं हा सगळा बाजार बंद पाडला. 26 जून 1975 च्या सकाळी इंदिराबाईंचं भाषण रेडिओवर झालं. पुढच्या काही दिवसांत गल्लीतले एक मास्तर पहाटे उचलून नेल्याचं कळलं, आणि मोठ्या काकांनी सोप्याचा दरवाजा लावून घ्यायला सुरुवात केली. सरकारी नोकरी होती. त्यांची भीती खोटी नव्हती. तरी ती घरात कुणाला आवडली नाही. खरी पंचाईत आजोबांची. ज्या पक्षासाठी माणसं तुरुंग फोडून पळाली, तोच पक्ष आता माणसं तुरुंगात घालतोय, हे त्यांना कुठल्याच 'हं'मध्ये बसवता येईना. त्यांनी मथळे वाचणं सोडलं. "भाव वाच, हवामान वाच," ते काकूला म्हणायचे. तिनं हळदीचा, गुळाचा, शेंगेचा भाव वाचायचा आणि सगळ्यांनी तो अतिशय लक्ष देऊन ऐकायचा. घरातलं सर्वात गंभीर वाचन त्या वीस-एकवीस महिन्यांत झालं असेल.

1976 मध्ये मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी वसंतदादांना मंत्रिमंडळातून वगळलं आणि दादांनी राजकारणसंन्यास जाहीर केला, तेव्हा आजोबांना एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. पक्षाचा राग त्यांना उघडपणे करता येत नव्हता. दादांसाठी करता येत होता. मार्च 1977 च्या निकालांच्या रात्री रेडिओभोवती गल्लीतली माणसं बसली होती. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून हरल्या हे ऐकल्यावर धाकटे काका उठून नाचले, मोठे काका उठून दरवाजा लावून आले, आणि आजीनं विचारलं, "मास्तर सुटतील ना रे आता?" मास्तर सुटले. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजोबा त्यांच्याशी बराच वेळ फक्त पावसाबद्दल बोलले.

पुढच्याच वर्षी आजोबांचा संताप त्याच्या मूळ आकारात परत आला. जुलै 1978. मुख्यमंत्री वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार 18 जुलैला पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' हे दोन शब्द त्या आठवड्यात सांगलीत जितके उच्चारले गेले असतील तितके अख्ख्या इतिहासाच्या पुस्तकात नसतील. धाकट्या काकांची बुद्धी मात्र अशा वेळी नेमकी उलटी चालायची. "सदतीस वर्षांचा मुख्यमंत्री! म्हाताऱ्यांनी किती दिवस धरून बसायचं?" असं ते ताटावर बोलून गेले. आजोबांनी त्यांच्याशी अबोला धरला. निरोप आजीमार्फत जायचे. "त्याला सांग, सायकलची हवा बघून जा." हवा बघायला सांगणारा अबोला तो. पण धरला होता नेटानं, गणपती येईपर्यंत. पुढं 1986 मध्ये पवार पुन्हा काँग्रेसमध्ये आले तेव्हा आजोबा नव्हते, ते एका अर्थी बरंच झालं. कुणाशी अबोला धरावा हे ठरवणं त्यांना अवघड गेलं असतं. आणि 2 जुलै 2023 ला अजित पवार आपल्या काकांपासून, शरद पवारांपासून, वेगळे होऊन सरकारात गेले, तेव्हा आमच्या धाकट्या काकांनी टीव्ही बंद केला आणि एवढंच म्हणाले, "आता म्हातारा मी आहे." बाकी भाष्य त्यांनी केलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ते जड गेलं असणार.

खेळाचं पान धाकट्या काकांचं, पण आजोबांना त्यातली कुस्तीच तेवढी मान्य. कवठेपिरानचे मारुती माने 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आले, 1964 ला हिंदकेसरी झाले. सांगलीपासून हाकेवरचं गाव, म्हणजे पैलवान घरचाच. क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहायचा पगार घेणाऱ्यांचा खेळ, असं आजोबांचं मत. 1971 मध्ये ते थोडं ढिलं पडलं. वेस्ट इंडिजमध्ये गावसकरनं चार कसोटींत 774 धावा केल्या, तेव्हा ते फक्त म्हणाले, "पोरगं बुटकं आहे, पण पाय रोवून उभं राहतंय." ही कुस्तीतली शाबासकी होती.

त्याच वर्षीचा ओव्हलचा सामना आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात सांगितला जातो, आणि प्रत्येक घरात तो वेगळा जिंकला जातो. शेवटचा दिवस 24 ऑगस्ट, नेमकी गणेश चतुर्थी. घरात मूर्ती बसलेली, उकडीचे मोदक झालेले, आणि धाकटे काका खरखरणाऱ्या लघुलहरींवर कान देऊन रेडिओला चिकटलेले. इंग्लंडचा दुसरा डाव आदल्या दिवशी 101 वर आटोपला होता. 173 करायच्या. दिवेलागणीला आबिद अलीनं चौकार मारला आणि आरती थांबवून काका सोप्यातून गल्लीत पळाले. ते परत येईपर्यंत आजीनं आरती पुरी केली होती. देवाला ताटकळत ठेवायची तिची तयारी नव्हती. दोन-तीन दिवसांनी पेपरात वाचलं की लंडनमधल्या आपल्या लोकांनी गणपतीचा दिवस म्हणून प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. आजीला सगळा उलगडा झाला. "मग जिंकणारच की! अशा दिवशी हत्ती दारात आल्यावर कोण हरतंय?"

"आणि चंद्रशेखरनं 38 धावांत 6 बळी घेतले, त्याचं काय?" काका खवळले.

"घेतले की. बुद्धी कुणी दिली?"

यावर काकांजवळ उत्तर नव्हतं. आजतागायत नाही.

तीनच वर्षांनी, जून 1974 मध्ये लॉर्ड्सवर तोच संघ 42 धावांत गुंडाळला गेला. तीनही कसोट्या हरून आलेल्या कर्णधार वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर लोकांनी दगड मारले. आमच्याकडं काकांनी भिंतीवरचं वाडेकरांचं चित्र काढून उलटं ठेवलं. त्या पिढीच्या मतांना फार सोज्ज्वळ करून सांगायची सध्या पद्धत आहे. पूर्वी माणसं कशी समजुतीनं बोलायची वगैरे. माझ्या आठवणीत तसं काही नाही. माणसं तेव्हाही तोंडाला येईल ते बोलत, कालच्या देवाला आज शेण मारत. फरक असला तर इतकाच की उलटं ठेवलेलं चित्र दुसऱ्या दिवशी केर काढताना कुणीतरी सुलटं करायचं, आणि कुणी केलं ते विचारायचं नाही.

1979 च्या जुलैमध्ये स्कायलॅब पडणार म्हणून गावात उडालेली धांदल हे तर राजकारणही नव्हे आणि खेळही नव्हे, पण त्यावर सर्वांना मत होतं. मोठ्या काकांनी नकाशा आणून सांगली किती अक्षांशावर आहे ते दाखवलं. शेजारच्या एका गृहस्थांनी, मरायचंच आहे तर म्हणून, उसने घेतलेले पैसे परत द्यायचं थांबवलं. ते यंत्र हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं. गृहस्थांचं काय झालं ते मी सांगत नाही. त्यांची मुलं अजून गावात आहेत.

या सगळ्या गलबल्यात काकूच्या पानाकडं कुणाचं लक्ष नसायचं. ती हरिपूरची. सांगलीला लागून असलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या मातीत जमिनीखाली पेवं खणायचे आणि त्यात हळद साठवायचे. वरून अरुंद तोंड, आत पोटाशी रुंद होत गेलेली खोली, तळाशी आणि कडेनं पाला-पाचोळा आणि वैरणीचा थर. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड नाही, ओल नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही; बराच वेळ हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस जागीच गुदमरतो. काकूच्या माहेरची हळद अशाच पेवात. सांगलीचा हळदीचा बाजार अख्ख्या देशाला माहीत, पण त्या हळदीचा जीव नदीच्या पाण्यावर टांगलेला आहे हे आमच्या सोप्यातल्या पुढाऱ्यांना माहीत असून नसल्यासारखं होतं.

म्हणून पावसाळ्यात काकूचा सकाळचा प्रश्न एकच: "आयर्विनला किती?" 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी फुटांच्या खुणा आहेत, आणि पाणी किती फुटांवर आहे यावर गावाचा श्वास चालतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पुरुष मंडळी पुलावर पाणी बघायला जात, तिथं उभं राहून सरकारला शिव्या घालत आणि घरी येऊन सरकारबद्दलच सांगत. काकू विचारायची, "ते कळलं, पण फूट किती?" बऱ्याचदा त्यांनी बघितलेलंच नसायचं. मग ती आमच्यापैकी एखाद्या पोराला पिटाळायची. कोयना धरणातून किती सोडलंय, कऱ्हाडला संगमावर किती आहे, तिथलं पाणी इथं यायला किती वेळ लागतो, याचं गणित तिच्या डोक्यात पक्कं होतं. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेच्या भूकंपानं आमची भांडी फडताळातून खाली आली, तेव्हा बाकी सगळे अंगणात येऊन देवाचं नाव घेत होते. काकू म्हणाली, "धरण?" सगळे गप्प झाले. घरात त्या क्षणी खरी बातमी तिला एकटीलाच कळलेली होती. धरण टिकलं, पण कोयनानगरच्या बाजूला माणसं गेली, आणि कितीतरी रात्री काकू कपडे बांधून ठेवून झोपायची.

2005 च्या महापुरानं हरिपूरची बरीच पेवं घेतली. भिजलेली हळद बाहेर काढताना जो वास पसरला होता तो मी घेतलेला आहे. त्याबद्दल लिहिणं मला जमत नाही. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तोवर काकू थकली होती, आम्ही तिला होडीतून बाहेर काढलं, आणि होडीत बसल्या बसल्या तिनं नावाड्याला विचारलं, "आयर्विनला किती?" नावाड्यानं आकडा सांगितला. "कोयनेतून अजून सोडतायत काय?" हा पुढचा प्रश्न. महापुरानंतर अलमट्टी धरणाचं पाणी, नदीपात्रातली बांधकामं, निळी पूररेषा, लाल पूररेषा यांवर भल्याभल्यांनी बरंच काही मांडलं. त्यातलं निम्मं माझ्या कानावर चुलीपाशी आधीच पडलं होतं. फक्त तेव्हा त्याला मत म्हणायची रीत नव्हती. बायका 'विचारतात', पुरुष 'बोलतात', असं आमच्या घराचं व्याकरण. राज्य कुणाचं यानं आमच्या घरातली एक वाटीसुद्धा इकडची तिकडं झाली नाही; पाण्यानं मात्र अख्खं घर हलवलं. तरी पहिलं पान राज्याचं.

धाकटी आत्या या व्याकरणात बसली नाही. विलिंग्डन कॉलेजात शिकत होती. 1973 मध्ये पुण्याला बायकांच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तीनच संघ. पेपरात त्याची चार ओळींची बातमी होती. आत्यानं ती कापून वहीत चिकटवली. खेळाचं पान भोकाचं झालेलं बघून धाकटे काका भडकले, आणि भोक कसलं ते कळल्यावर हसले. "पोरींचं क्रिकेट! लंगडी घाला की." ते एकटेच नाही, सगळेच हसले. आजीसुद्धा. आत्यानं वही कपाटात ठेवली आणि त्या दिवसापासून काकांच्या प्रत्येक विधानाला विरोध करायचं ठरवलं. तो तिनं अजून सोडलेला नाही. दोघंही आता ऐंशीकडं झुकलेली, एक सांगलीत, एक पुण्यात, आणि रोज फोन.

गेल्या लोकसभेला त्यांना चांगलं खाद्य मिळालं. 2024 मध्ये दादांचे नातू विशाल पाटील काँग्रेसची उमेदवारी न मिळाल्यानं अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर निवडून आले. आजोबा असते तर घरच्या पक्षाविरुद्ध घरच्याच माणसाला मत द्यायचं की नाही यावर महिनाभर जेवले नसते. काकांचं मत, हा दादांच्या पुण्याईचा विजय. आत्याचं मत, पुण्याईनं निवडून यायचं असतं तर मागच्या खेपेला का हरले? मी दोघांचंही ऐकतो आणि हो म्हणतो.

आणि 2 नोव्हेंबर 2025 ची रात्र. नवी मुंबईत बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, पावसानं उशिरा सुरू झालेला, मध्यरात्रीपर्यंत लांबलेला. सलामीला आमच्या सांगलीची स्मृती मानधना. काका माझ्याकडंच होते, औषधं घेऊन वेळेवर झोपायचं सोडून खुर्चीत ताठ बसलेले. भारतानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, बाहेर फटाके सुरू झाले, आणि काकांनी पुण्याला फोन लावायला सांगितलं.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"तू बघितलंस का? लंगडी नव्हती ना?"

काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "ते ठीक आहे. पण स्मृती पंचेचाळीसवर आउट झाली. पन्नासाला पाच कमी! जरा थांबायला काय झालं होतं?"

"अख्ख्या स्पर्धेत 434 केल्यात तिनं. आणि तू? गल्लीत तरी कधी पंचवीस केल्यास?"

"चोवीस केल्या होत्या," काका म्हणाले, "आणि तो आउट नव्हताच." मग फोन माझ्या हातात न देता त्यांनी त्या चोवीस धावा पहिल्या चेंडूपासून सांगायला सुरुवात केली.